नर झाडं किती, मादी झाडं किती: वनस्पतींच्या लिंगगुणोत्तराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा एकाच क्रमाने येतात. आधी कुणीतरी विचारतं, ‘झाडांत नर-मादी असतात?’ मग दुसरं कुणी विचारतं, ‘एवढे नर हवेत कशाला?’ आणि तिसरा स्वतः मोजून आलेला असतो. त्याचा आकडा निम्म्या-निम्म्यावर बसत नाही, त्यामुळे आपलं मोजणं चुकलं की पुस्तक, हे त्याला कळत नाही. ही उत्तरं मुख्यतः त्या तिसऱ्यासाठी आहेत. बहुतेकदा त्याचा आकडाही बरोबर असतो आणि पुस्तकही. फक्त दोघांनी मोजलेलं असतं वेगवेगळ्या वेळी.

झाडांत नर-मादी खरंच असतात? शाळेत तर एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दाखवले होते.

शाळेतलं फूल जास्वंदीचं होतं, आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींची गोष्ट तीच आहे: एकाच फुलात दोन्ही. मक्यात नर तुरा शेंड्याला आणि मादी कणीस खाली, पण झाड एकच; त्याला एकत्रलिंगी म्हणतात. पपई, खजूर, ताड, जायफळ, गुळवेल, तोंडली, परवर, पालक, भांग आणि किवी यांच्यात मात्र नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. या विभक्तलिंगी वनस्पती. सपुष्प वनस्पतींत अशा सुमारे १५,६०० जाती मोजल्या गेल्या आहेत, म्हणजे शंभरात पाच-सहा. त्या १७५ कुळांत विखुरलेल्या आहेत. म्हणजे हा प्रकार एकदाच उगवून पसरलेला नाही. वेगवेगळ्या घराण्यांत तो पुन्हा पुन्हा स्वतंत्रपणे आला आहे. सपुष्प वनस्पतींच्या बाहेर पाहिलं तर सायकसच्या सगळ्या जाती विभक्तलिंगी आहेत, जिंकोही.

झाडांना लिंग असतं हे प्रयोगाने दाखवलं रुडॉल्फ कामेरारियसने, १६९४ साली, जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये. त्याने मर्क्युरियालिस नावाच्या तणाची मादी रोपं नरांपासून दूर ठेवली. बी रुजण्याजोगं धरलं नाही. तुतीतही एकट्या मादीची फळं पोकळ बियांची निघाली. भांगेने मात्र त्याला कोड्यात टाकलं. नर नसतानाही मादी रोपांवर थोड्या बिया धरल्याच. या भांगेकडे आपण शेवटी परत येऊ.

बियांतून निम्मे नर आणि निम्म्या माद्या येतात, कारण एक्स-वाय गुणसूत्रं. एवढंच ना?

ते झालं ‘कसं’चं उत्तर. नराकडे एक्स आणि वाय, मादीकडे दोन एक्स, परागकणांत निम्मे एक्सवाले, निम्मे वायवाले, नाणं उडवल्यासारखं. पालक, भांग, खजूर, किवी, तोंडली या सगळ्यांत नरच एक्स-वाय आहे. तोंडलीचं वाय तर सूक्ष्मदर्शकाखाली सहज उठून दिसण्याइतकं मोठं आहे. पांढऱ्या पॉप्लरमध्ये उलटं आहे: तिथे दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात.

पण हे नाणं निष्पक्षच का राहिलं, हा खरा प्रश्न. गुणसूत्रांच्या वाटणीत फेरफार करणारी जनुकं अधूनमधून निपजतात. ती पसरली असती तर आज सगळ्या जाती कुठल्यातरी एका बाजूला कललेल्या दिसल्या असत्या. तशा त्या का नाहीत, याचं कारण गुणसूत्रांत शोधून सापडत नाही; ते नैसर्गिक निवडीत आहे.

एक नर झाड पन्नास माद्यांना पुरतं. मग निम्मे नर म्हणजे जागेची नासाडी नाही का?

शेतकऱ्याच्या दृष्टीने नासाडीच. खजुराच्या बागेत साधारण पन्नास माद्यांमागे एक नर ठेवतात, बाकीचे काढून टाकतात. निसर्ग मात्र बागेच्या मालकासारखा विचार करत नाही. एकूण बी किती आलं याला तिथे भाव नाही. कुणाच्या वंशाचं बी किती आलं, याला आहे.

आकडे घालून पाहू. एका माळावर शंभर रोपं आहेत: २० नर, ८० माद्या. प्रत्येक मादीला ५० बिया धरतात. एकूण ४,००० बिया. प्रत्येक बीला आई एकच आणि बापही एकच. तेव्हा या ४,००० बियांचं पितृत्व २० नरांत वाटलं जाणार, सरासरी प्रत्येकी २००. मादीच्या वाट्याला मात्र ५०. म्हणजे अशा माळावर एक मुलगा चार मुलींच्या तोडीचा. जी आई थोडे जास्त नर देते, तिची नातवंडं वाढतात आणि नर जास्त देण्याची तिची प्रवृत्तीही त्यांच्याबरोबर पसरते. नर वाढत जातात तसा त्यांचा भाव उतरत जातो. ५० नर आणि ५० माद्या झाल्या की दोघांच्याही वाट्याला ५०; मग कुणालाच कल बदलून फायदा नाही. नर ८० झाले तर हाच हिशेब उलट्या दिशेने चालतो. दुर्मीळ असेल त्याला भाव, एवढंच हे तत्त्व.

हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरच्या नावाने ओळखलं जातं, कारण १९३० साली त्याने ते थोडक्यात आणि चोख मांडलं. पण कार्ल ड्यूसिंग या जर्मन संशोधकाने त्याचं गणित १८८४ सालीच केलं होतं. त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या पुस्तकात चार्ल्स डार्विन या युक्तिवादाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत आला होता. १८७४ च्या सुधारित आवृत्तीत त्याने तो भाग काढून टाकला आणि प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे, तो पुढच्यांवर सोडणं बरं, असं लिहिलं. बरोबर उत्तर हातात असताना ते खाली ठेवायचं, हे मला नेहमी चुटपुट लावून जातं.

मी रानात मोजले तेव्हा नर जास्त भरले. मग फिशर चुकला?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबू.

फिशरचा हिशेब आईच्या खर्चाचा आहे: आई आपली साधनसामग्री मुलग्यांवर आणि मुलींवर किती घालते. बी झाडावरून सुटलं की आईचा खर्च संपला. नर होणारं बी आणि मादी होणारं बी यांवर तिने सारखाच खर्च केलेला असतो. बाहेरून ती सारखीच दिसतात. म्हणून अपेक्षित गुणोत्तर निम्मं-निम्मं आहे ते बियांचं. पुढे त्यातले कोण मरतील, कोण आधी फुलतील, याने ते हलत नाही.

‘हलत नाही’ यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. समजा, निम्मे नर फुलण्याआधीच मरतात. मग आईने भरपाई म्हणून जास्त मुलगे द्यायला नकोत का? नकोत. मेलेल्यांच्या वाट्याचं पितृत्व वाचलेल्यांना मिळतं. त्यांचा वाटा दुप्पट होतो. निम्म्या मुलांना शून्य, निम्म्यांना दुप्पट. आईच्या दृष्टीने सरासरी तीच. म्हणून नर कितीही मरोत, बी पिकतं त्या वेळी निम्मं-निम्मं हाच तोल टिकतो.

रानात आपण मोजतो फुललेली मोठी झाडं. बी ते फुललेलं झाड या प्रवासात पाच, पन्नास किंवा दोनशे वर्षं गेलेली असतात. तेवढ्यात जे घडलं, ते सगळं तुमच्या आकड्यात मिसळलेलं असतं.

मग मोठ्या झाडांत सहसा कुणाची संख्या जास्त दिसते?

नरांची. २०१३ साली २४३ जातींच्या मोजण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यात नर जास्त असलेल्या जाती माद्या जास्त असलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघाल्या. नरांचा कल दीर्घायुषी झाडांत जास्त, आणि गरदार फळं देऊन प्राणी-पक्ष्यांकरवी बी पसरवणाऱ्यांत जास्त. माद्यांचा कल मुळांतून-खोडांतून पसरणाऱ्या छोट्या वनस्पतींत, वाऱ्यावर पराग सोडणाऱ्यांत आणि लिंगगुणसूत्रं असलेल्या जातींत.

पहिल्या गटाचं कारण फळ. नराचा खर्च फुलापाशी संपतो; मादीला त्यापुढे महिनोन्‌महिने साखर, पाणी, नत्र फळात ओतावं लागतं. त्याची किंमत ती तीन प्रकारे मोजते: पहिल्यांदा फुलायला उशीर करते, भरघोस फळल्यानंतर एखादं वर्ष फुलतच नाही, आणि काही जातींत लवकर मरतेही. यातली पहिली दोन कारणं नुसती डोळ्यांची फसवणूक आहेत. माद्या रानात उभ्या असतात, पण फूल नसल्याने तुमच्या वहीत त्या ‘ओळखता आलं नाही’ या रकान्यात जातात किंवा मुळीच जात नाहीत. नर दरवर्षी फुलतो आणि दरवर्षी मोजला जातो.

अ‍ॅस्परॅगस लावणाऱ्यांनी हा फरक पैशात बदलून घेतला आहे. त्यातली नर रोपं जास्त कोंब देतात आणि जास्त वर्षं टिकतात, कारण बिया पोसण्यात त्यांची शक्ती जात नाही. म्हणून दोन वाय असलेला ‘महानर’ तयार करून त्याच्यापासून सगळी नर रोपंच मिळतील असं बियाणं बनवतात.

नर आणि माद्या वेगवेगळ्या जागी वाढतात, हे खरं का?

काही जातींत खरं. १९७६ साली अमेरिकेतल्या युटामध्ये वाऱ्यावर परागण होणाऱ्या पाच जाती अशा तपासल्या गेल्या. कोरड्या जागी नर जास्त होते आणि ओलसर जागी माद्या. तेव्हा ओढ्याकाठी मोजणारा आणि टेकडीवर मोजणारा, दोघं एकाच जातीबद्दल दोन आकडे आणतील आणि दोघंही प्रामाणिक असतील.

मी ३० पपया लावल्या. १९ मादी आणि ११ नर निघाल्या. हा कल म्हणायचा का?

नाही. ३० नाणी उडवली तर १९-११ किंवा त्याहून जास्त तफावत साधारण पाचातून एकदा येतेच. रोपं ३०० असती आणि १९०-११० आलं असतं तर वेगळी गोष्ट. एवढी तफावत निव्वळ योगायोगाने लाखात एकदाही येत नाही. गुणोत्तर दोन्हीकडे तेच, वजन मात्र वेगळं. आपल्या आकड्यावर बेतून सिद्धांत मांडण्याआधी रोपं किती होती ते पाहा.

आणि आधी खात्री करून घ्या की तुमची पपई खरंच नर-मादी प्रकारची आहे. पपईत मादी, नर आणि द्विलिंगी असे तीन प्रकार असतात. नरांना आणि द्विलिंगींना प्रत्येकी थोडं वेगळं वाय आहे, आणि दोन वाय एकत्र आले की ते बी जगत नाही. म्हणून द्विलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागाने बी धरलं, तर चारातलं एक बी आधीच बाद होतं आणि उरतात दोन द्विलिंगी मागे एक मादी. दुकानात आवडलेल्या लांबट पपईच्या बिया पेरून ‘निम्मी-निम्मी का नाही आली’ असं विचारणारे दर वर्षी भेटतात. त्यांचं उत्तर बहुधा हेच असतं.

पण झाडं मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं?

खोड मोजलं की झाड मोजलं, असं नसतं. युटामध्ये ‘पांडो’ नावाचं अ‍ॅस्पेनचं एक बन आहे: सुमारे ४३ हेक्टर आणि अंदाजे ४७,००० खोडं. सगळी एकाच मुळांवर उगवलेली, म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड, आणि ते नर आहे. खोडं मोजली तर ४७,००० नर. बियांतून आलेले जीव मोजले तर एक. मुळांवरून फुटणाऱ्या कुठल्याही जातीत हा फरक लक्षात ठेवावा लागतो. एखादी मादी वेगाने पसरली तर माळ मादीबहुल दिसतो, आणि त्यात बियांच्या गुणोत्तराचा काडीचाही संबंध नसतो.

बियांतच माद्या जास्त असतात, असं कधी होतं का?

होतं, आणि ही या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

मेंडेलचं काम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक कार्ल कोरेन्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने सायलीन नावाच्या पांढऱ्या फुलांच्या विभक्तलिंगी रोपावर एक साधा प्रयोग केला. काही मादी फुलांवर अगदी थोडे परागकण ठेवले, काहींवर भरपूर थापले. थोडे परागकण दिलेल्या फुलांच्या बियांत नर-मादी जवळजवळ बरोबरीने आले. भरपूर दिलेल्या फुलांत माद्या जास्त झाल्या.

कुक्षीवर काय चाललं आहे ते डोळ्यांसमोर आणा. परागकण पडतो, ओलावा शोषून फुगतो, आणि त्यातून एक नलिका खाली अंडाशयाकडे वाढू लागते. खाली बीजांडं मोजकी. कण थोडे असतील तर उशिरा पोचणाऱ्यालाही जागा मिळते. कण शेकड्यांनी असतील तर शर्यत लागते, आणि शर्यतीत एक्सवाले कण वायवाल्यांपेक्षा थोडे वेगाने जातात. हरणाऱ्याला बीजांड उरत नाही.

वायवाले मागे का पडतात? परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो, आणि नलिका वाढवताना त्यातली पुष्कळ जनुकं प्रत्यक्ष काम करत असतात. वाय गुणसूत्र पिढ्यान्‌पिढ्या एक्सशी देवाणघेवाण न करता एकटं राहिल्याने त्याच्यावरची बरीच जनुकं झिजलेली असतात. दुसरी प्रत नसल्याने परागकणाला ती उणीव लपवता येत नाही. प्राण्यांत शुक्राणूची बरीचशी सामग्री आधीच तयार करून दिलेली असते, म्हणून तिथे ही झीज एवढी उघडी पडत नाही.

आल्प्समधल्या रुमेक्स निवालिस या चुक्याच्या भाईबंदात हे मोकळ्या रानातही दिसलं आहे: नरांच्या जवळ उभ्या असलेल्या माद्यांवर पराग जास्त पडतो आणि त्यांच्या बियांत माद्यांचं प्रमाण जास्त निघतं. काही जण यात आईचं शहाणपण पाहतात. आजूबाजूला नर भरपूर असतील तर मुली देणंच फायद्याचं, हे फिशरच्या हिशेबाशी जुळतं. मला हे जरा ओढूनताणून वाटतं. वायची झीज हे पुरेसं कारण आहे. आईला त्याचा फायदा होत असेल तर तो वरकड.

मग नरांची संख्या घटल्यावर फिशरचा तोल परत निम्म्यावर का आणत नाही?

तोल परत आणायचा तर नैसर्गिक निवडीला फेरफार करण्याजोगं काहीतरी हाती लागावं लागतं. वायवरची गमावलेली जनुकं परत येणं सोपं नाही, म्हणून ओढ असूनही गाडी हलत नाही.

शिवाय झाडाच्या आतल्या सगळ्यांचं हित एक नसतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) स्वतःची जनुकं बाळगतात आणि बहुतेक वनस्पतींत फक्त आईकडून येतात. परागातून पुढे जात नाहीत. त्यांच्या दृष्टीने मुलगा म्हणजे रस्ता संपला. म्हणून पराग बंद पाडणाऱ्या तंतुकणिका पसरतात, आणि केंद्रकातली जनुकं त्यांना आवर घालणारे उपाय शोधत राहतात. थाईममध्ये ही ओढाताण उघड दिसते: त्यात द्विलिंगी आणि मादी अशी दोन प्रकारची झाडं असतात, आणि माद्यांचं प्रमाण एका ठिकाणी ५ टक्के तर दुसरीकडे ९५ टक्क्यांपर्यंत जातं. सायलीनमध्ये एक्स गुणसूत्रही स्वतःच्या बाजूने माप झुकवतं आणि काही वाय त्याला रोखतात. तेव्हा ‘जातीसाठी काय चांगलं’ हा प्रश्न इथे गैरलागू आहे. भांडण घरातलंच आहे.

पराग आणि बिया किती लांब जातात, याने काही फरक पडतो?

पडतो. फिशरचं गणित धरून चालतं की सगळे सगळ्यांशी स्पर्धा करतात. जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने १९६७ मध्ये दाखवलं की स्पर्धा भावाभावांतच असेल तर हिशेब बदलतो. पराग जवळच पडत असेल तर एका आईचे मुलगे त्याच मोजक्या माद्यांसाठी एकमेकांशी झगडतात. जास्त मुलगे देऊन आईला काहीच मिळत नाही, म्हणून मुली जास्त द्याव्यात. उलट, पराग दूर जातो आणि बिया बुंध्याशीच पडतात अशा जातीत मुलींची पिल्लावळ एकमेकींच्या सावलीत गुदमरते, तर मुलग्यांचा पराग त्या गर्दीतून सुटून दूर जातो. तिथे नरांकडे कल फायद्याचा. तत्त्व पक्कं आहे. पण एक्स-वाय असलेल्या झाडात आईच्या हाती फारसं काही नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात हा परिणाम गणितात दिसतो तेवढा ठळक नसतो.

झाड आपलं लिंग बदलू शकतं का?

काही बदलतात. सापकांद्याच्या अरिसिमा प्रजातीत कंद लहान असेल त्या वर्षी रोप नर असतं, कंद पोसला की मादी, आणि फळून थकलं की पुन्हा नर. पराग थोड्या शिदोरीत बनतो, फळ बनत नाही, म्हणून हा क्रम. अशा जातीत लहान रोपं नेहमीच जास्त असल्याने नर जास्त दिसणं अटळ आहे. तिथे निम्म्या-निम्म्याची अपेक्षाच चूक. पट्टेरी मेपलमध्ये मात्र उलटा प्रकार: इजा झालेली, खालावलेली झाडं मादीकडे वळतात, आणि मरणाऱ्या झाडांत माद्या जास्त सापडतात. असं का, यावर वाद आहे.

नेच्यांतली युक्ती तर फारच सुरेख. सेरॅटोप्टेरिस नेच्याचा जो बीजाणू आधी रुजतो तो द्विलिंगी होतो आणि पाण्यात एक रसायन सोडतो. त्या रसायनाच्या टप्प्यात मागून रुजणारे नर होतात. शेजारी किती दाटी आहे हे वासावरून कळावं तसं.

२०१५ साली स्कॉटलंडमधल्या फॉर्टिंगलच्या प्राचीन यू वृक्षाची बातमी बरीच फिरली. शतकानुशतकं नर म्हणून माहीत असलेल्या त्या झाडाच्या एका फांदीवर लाल फळं आली. झाड मादी झालं असं बातम्यांत आलं. प्रत्यक्षात बदलली ती एक फांदी.

मॉसमध्येही नर-मादी?

हो, आणि निम्म्याहून अधिक जातींत. बीजाणूंत दोन्ही बरोबरीने असतात, तरी रानात माद्याच फार जास्त दिसतात. नर बरेचदा सापडतच नाहीत. वनस्पतींतली लिंगगुणसूत्रं पहिल्यांदा दिसली तीही सपुष्प वनस्पतीत नाही, तर १९१७ साली स्फिरोकार्पस या मॉसच्या जवळच्या नातलगात.

हवामान बदलल्याने गुणोत्तर बदलतं का?

एका जातीत तसं नीट मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात व्हॅलेरियाना एड्युलिस नावाची औषधी वनस्पती उगवते. पायथ्याकडे नर-मादी बरोबरीने, आणि वर ओलसर थंडीत नर कमी. काही दशकांपूर्वीच्या मोजण्यांशी ताडून पाहिलं तेव्हा, हवा उष्ण आणि कोरडी होत गेली तशी नरांच्या प्रमाणाची ती रेषा दर दशकाला सुमारे १७५ मीटर वर सरकल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं. जातींची वस्ती साधारणपणे ज्या वेगाने डोंगर चढते त्यापेक्षा हे खूप जास्त आहे. इथेही बियांतलं गुणोत्तर बदललेलं नाही. कोरड्यात कोण टिकतं, ते बदललं.

बी किंवा रोप पाहून नर-मादी ओळखता येतं का?

बी पाहून नाही. टोकदार बी नर, गोल बी मादी, पाण्यात बुडेल ते मादी, हे सगळे आडाखे निम्म्या वेळा बरोबर येतात. निम्म्या वेळा बरोबर यायला आडाख्याची गरज नसते. पपई, खजूर, किवी, भांग यांच्या कोवळ्या पानातून डीएनए काढून प्रयोगशाळेत ओळखता येतं. नाहीतर फूल येईपर्यंत वाट पाहायची.

समजा, एका जातीतले सगळे नर काढून टाकले. ती संपेल का?

बऱ्याचदा संपत नाही. बी नाही, पण फुटवे असतात. एन्सेफॅलार्टोस वुडी या सायकसचं एकच झाड १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ओंगोये जंगलात सापडलं. ते नर होतं. मादी आजवर मिळालेली नाही. जगभरच्या बागांत उभी असलेली त्या जातीची सगळी झाडं त्या एकाच नराची पिलं आहेत. कॅनडातलं एलोडिया हे पाणवनस्पतीचं तण युरोपभर पसरलं ते जवळजवळ सगळं मादी, तुटक्या तुकड्यांवर वाढलेलं.

जिथे बीशिवाय गत्यंतर नाही, तिथे काय होतं हे मर्क्युरियालिसवर करून पाहिलं गेलं. होय, कामेरारियसचंच तण. संशोधकांनी नर काढून टाकले आणि फक्त माद्यांच्या वस्त्या वाढवल्या. मादी रोपं पूर्ण काटेकोर नसतात; हजारो मादी फुलांत एखादं नर फूल अधूनमधून चुकून येतं. एरवी त्या चिमूटभर परागाला काही किंमत नाही, कारण शेजारचा नर ढीगभर उधळत असतो. नर गेल्यावर मात्र पुढच्या पिढीचा सगळा पराग त्या चुकार फुलांतूनच येणार, आणि ज्या मादीवर अशी फुलं जास्त, ती अख्ख्या वस्तीचा बाप. चार पिढ्यांत या माद्यांवरच्या नर फुलांचं प्रमाण सरासरी २३ पटींनी वाढलं. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

भांगेच्या मादी रोपांवरही अशी चुकार नर फुलं येतात. १६९४ साली कामेरारियसला कोड्यात टाकणाऱ्या त्या बिया बहुधा अशाच एखाद्या फुलाच्या होत्या.